तेरा घरं शून्य, एक घर अमान्य

वीज कशी वाचवावी यावर मी एक पुस्तिका लिहिली आहे. बत्तीस पानांची, रंगीत, जाड पुठ्ठ्याची. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, तेव्हा पुण्यातल्या एका संस्थेने मला 'सोप्या मराठीत' लिहिण्याचं काम दिलं. तेव्हापासून वरून जे जे अवघड येतं ते सोपं करून मी खाली पाठवत असते. खाली म्हणजे नेमकं कुठे, हे मात्र कधी पाहिलं नव्हतं. यंदा दसऱ्यानंतर संस्थेला वाटलं, की लेखिकेने एकदा आपले वाचक बघून यावेत. मलाही वाटलं. उंटावरून शेळ्या हाकायला माझी हरकत नाही, पण शेळ्या आहेत की नाहीत एवढं तरी बघून घ्यावं.

तर चार दिवस नाशिक जिल्हा. सोबत कौस्तुभ, संस्थेचा तिशीतला कार्यक्रम अधिकारी. अतिशय सज्जन मुलगा. त्याच्याजवळ एक टॅब होता, आणि माझ्या घरातल्या देवांवर माझी नसेल इतकी त्याची त्या टॅबवर श्रद्धा होती.

सातपूर

नाशिकमध्ये मिसळीबरोबर पापड देतात. पुण्याच्या माणसाला याचा आधी धक्का बसतो, मग राग येतो आणि शेवटी दुसरा पापड मागावासा वाटतो. मी दोन्ही पापड खाल्ले आणि सातपूरच्या कारखान्यांमागच्या वस्तीत प्रबोधनाला गेले.

समाजमंदिरात वीसेक बायका बसल्या होत्या. मी माझीच पुस्तिका उघडून वाचायला सुरुवात केली. एसी चोवीसवर ठेवा. फ्रिजचं दार सारखं उघडू नका. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना पहिल्या खोलीतला दिवा बंद करा. इथे मागून आवाज आला, "मॅडम, आमच्यात पहिल्या खोलीतून बाहेर पडलं की डायरेक्ट गटारच लागतं." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण जरा उशिरा.

बोलणारी बाई संगीता. कार्यक्रम संपल्यावर ती मला तिची खोली दाखवायला घेऊन गेली. वर पत्रा, बाहेर ऑक्टोबरचं ऊन. आत तिचा नवरा रात्रपाळी करून आलेला, घामाने निथळत झोपला होता. डोक्यावर पंखा होता, तो नुसता लटकत होता. दहा खोल्यांना मिळून एकच मीटर, आणि त्याचं मेन बटण घरमालकाच्या ओसरीवर. सकाळचे नऊ वाजले की मालक ते बंद करतो आणि संध्याकाळी लावतो.

"दिवसा कशाला लागते लाईट, म्हणतो. दिवसा देवाने उजेड दिलाय," संगीता म्हणाली.

"पण तुमचे मिस्टर तर दिवसाच झोपतात."

"ते त्याला सांगून झालं. म्हणे, मग दिवसपाळी घ्यायला सांग."

हे सांगताना ती नवऱ्याला वारा घालत होती. हातात माझी पुस्तिका होती. मी बघते आहे हे तिच्या लक्षात आलं. जराही न ओशाळता ती म्हणाली, "पुठ्ठा चांगला आहे हो, वाकत नाही." आजवर मला वाचकांचे जे काही अभिप्राय आले त्यात एवढा नेमका एकही नव्हता. मी लाजले, आणि खरं सांगायचं तर थोडी सुखावलेसुद्धा.

हरसूल

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकच्या पलीकडे, डोंगरात. हरसूलचा बाजार भरला होता. सुकट, मिरच्या, विळे, प्लास्टिकच्या घागरी आणि मोबाईलची कव्हरं एकाच ताडपत्रीवर मांडलेली. तिथेच आम्हाला हिराबाई भेटायची होती. पाड्यावरच्या बचत गटाची ती अध्यक्ष. पाड्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, त्याचं कारण शेवटी कळेल.

हिराबाई चाळिशीची, काटक, बोलायला फटकळ. ती गिरणीच्या पायरीवर नागलीचं, म्हणजे नाचणीचं, गाठोडं घेऊन बसली होती. चार बायका आणखी होत्या, त्यांचीही गाठोडी तशीच. सकाळपासून बाजारात लाईट नव्हती. दोन तास डोंगर उतरून दळण आणलं होतं, आता ते न दळता परत चढवायचं.

"पाड्यावर नाही का गिरणी?" मी विचारलं.

"पाड्यावर लाईटच नाय तं गिरणी कशावर चालवू? पोळ्याला आमचा लाईटीचा डीपी जळाला. खांब हाय, तार हाय, मीटर हाय, बिल बी येतं. फक्त लाईट येत नाय." मग तिने उजवा हात उचलून दाखवला. तो कानापर्यंतही जाईना. "जात्यानं खांदा गेला. मोसमात बाजार गाठाया सवड नाय, मग रोज जात्यावरच दळायचं. आता तुमची गिरणी आली का सुटंल."

'तुमची गिरणी' म्हणजे काय ते कौस्तुभने मला चहा पिताना समजावलं. संस्थेने गेल्या वर्षी पाड्यावरच्या चौदा घरांना एकेक सोलर दिवा दिला होता. हा पहिला टप्पा. दुसऱ्या टप्प्यात एका पाड्याला सोलरवर चालणारी पिठाची गिरणी मिळणार होती. पण कुठल्या पाड्याला, ते दिव्यांच्या वापरावर ठरणार. बहुतेक घरं रोज रात्री दिवा वापरत असतील तर गिरणी येईल. वापरत नसतील तर गिरणी नाहीच, वर दिवेही काढून दुसऱ्या, 'सक्रिय' पाड्याला देणार. त्यासाठी कौस्तुभ घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारणार होता: काल रात्री दिवा किती तास लावला?

"सोपं आहे," मी म्हटलं.

"तुम्हीच तर सोपं केलंय, मॅडम," कौस्तुभ म्हणाला. फॉर्मचं मराठी माझंच होतं.

पाडा, संध्याकाळ

हिराबाईला गाडीत घेऊन निघालो. गाडी ओढ्यापाशी थांबली, पुढे पायवाट. ओढा ओलांडताना माझ्या पुणेरी चपलेचा अंगठा तुटला. हिराबाईने डोक्यावरचं गाठोडं न उतरवता, एका हाताने झुडपाची साल ओरबाडून तो असा बांधून दिला की तीच चप्पल घालून मी पुण्याला परत आले.

मुक्काम हिराबाईकडे. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेलं अंगण. घराच्या बाजूला दगडमातीचा एक नवा चौथरा होता, चोपून गुळगुळीत केलेला. गिरणीसाठी. गिरणी येणार की नाही हे ठरायच्या आधीच चौदा घरच्या बायकांनी मिळून तो बांधला होता. कौस्तुभ म्हणाला, अहो, अजून काही नक्की नाही. हिराबाई म्हणाली, मग काय गिरणी आल्यावर तिला हुभी ठेवून चौथरा बांधू?

दिवस मावळला तसा घरात उजेड झाला. साधासुधा नाही, झकपक. चुलीपाशी दिवा, वाशाला दिवा, ओसरीवर दोन, गोठ्यात एक. ताटापाशी एक. परसात जायच्या वाटेवरसुद्धा अंतराअंतराने दिवे टांगले होते. नागलीची भाकर, उडदाच्या पिठाचं दाट कालवण आणि खुरासणीची चटणी, सगळं लख्ख दिसत होतं. पुण्यात आमच्या सोसायटीच्या जिन्यात एवढा उजेड नसतो. मी वहीत लिहिलं, 'ऊर्जेची गरिबी वगैरे जे आपण म्हणतो त्यात थोडी अतिशयोक्ती असावी.'

अंगणात हात धुवायला गेले तर बाकीचा पाडा अंधारात गुडूप होता. एका घरात दिवा नाही. चुलीचा लालसर उजेड तेवढा कुडाच्या फटींतून दिसत होता. मी वहीत आणखी एक वाक्य लिहिलं: 'इथले लोक लवकर झोपतात. आपण यांच्याकडून शिकायला हवं.' ही वही मी जपून ठेवली आहे. मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटायला लागलं की मी ती उघडते.

पाडा, सकाळ

सकाळी कौस्तुभ टॅब घेऊन निघाला, मी मागे. पहिलं घर. दिवा छपरावर उन्हात ठेवलेला, पुसून स्वच्छ. काल रात्री किती तास लावला? "काल नाय लावला." शून्य. दुसरं घर. दिवा आहे, चालू आहे. काल? "काल नाय." शून्य. तिसरं, चौथं, पाचवं. सगळीकडे चकाकते दिवे आणि सगळीकडे शून्य. का नाही लावला म्हणून विचारलं तर नुसतं हसायचे, चहा ठेवायला उठायचे. कौस्तुभचा चेहरा उतरत चालला. मी मनातल्या मनात माझं नेहमीचं भाषण जुळवत होते: वस्तू दिली म्हणजे सवय लागत नाही, पालथ्या घड्यावर पाणी, इत्यादी.

सहावं घर देवरामबाबांचं. म्हातारा, दात एक नाही, बोलायला मोकळा. कौस्तुभने विचारलं, बाबा, दिवा चांगला आहे ना, मग काल का नाही लावला?

"कसा लावनार?" बाबा म्हणाले. "तो तुमच्या उशाला व्हता ना!"

कौस्तुभने टॅब खाली केला.

"पुण्याचं मानूस. साप-किरडू तुमाला ठावं नाय, वाट ठावं नाय. सगळ्यांनी आपापला सोलर हिराकडं नेऊन दिला. पाव्हन्याला काय अंधारात ठेवायचं?" आणि मग जरा काळजीने, "का, कमी पडला का उजेड?"

उजेड कमी पडला नव्हता. मी काल ज्या उजेडात बसून या लोकांच्या झोपेचं कौतुक करत होते तो त्यांच्याच घरातून आणलेला होता. आम्ही अंधार मोजायला आलो होतो आणि तो अंधार आम्हीच येऊन पाडला होता. मला लाज वाटली. इतकी, की बाबांनी पुढे केलेला चहा मी बशीत न ओतता तसाच पिऊन जीभ भाजून घेतली.

कौस्तुभला मी बाजूला घेतलं. आजची नोंद रद्द कर, आपण आज आणखी एक रात्र राहू आणि उद्या विचारू.

"राहिलो तर दिवे पुन्हा आपल्याकडेच येणार, मॅडम."

"मग त्यांना सांगू, आणू नका."

सांगून पाहिलं. हिराबाईला ते जेवायला येऊ नका म्हटल्यासारखं लागलं. "आमच्यात पाव्हना असा अंधारात नाय निजत," एवढंच बोलून ती भांडी घासायला लागली, आणि भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजली. मग मी म्हातारपणाचा आधार घेतला. पाठ दुखते, पलंग हवा, आम्ही आज हरसूलला लॉजवर झोपतो आणि सकाळी परत येतो. पुण्याच्या बाईची पाठ नाजूक असणारच, यावर मात्र सगळ्यांचं लगेच एकमत झालं.

निघताना मला वाटलं, हिराबाईला खरं कारण सांगून टाकावं. उद्या सकाळी विचारलं की ज्याने त्याने 'लावला' म्हणायचं, बस. पण कौस्तुभ म्हणाला, मग तो डेटा राहणार नाही. आयुष्यभर मुलांना कॉपी करू नका म्हणून शिकवलेलं. मी तोंड मिटून घेतलं. या प्रवासात मी जे जे केलं त्यात हे सगळ्यात प्रामाणिक होतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त पश्चात्ताप होतो.

पुन्हा पाडा

लॉजवर रात्रभर डास होते. सकाळी उजाडताच आम्ही परत पाड्यावर. पहिलं घर. काल रात्री? "नाय लावला."

"अहो, काल तर आम्ही नव्हतो!" कौस्तुभ जवळजवळ ओरडलाच.

"सगळे सोलर रातीलाच खळ्यावर नेले. पहाटं देवरामबाबाचं भात झोडायचं व्हतं," त्या घरची बाई म्हणाली, जणू आम्हाला ते माहीत असायलाच हवं.

बाबांच्या खळ्यावर गेलो तर सगळा पाडा तिथे. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात निघालं होतं. इथे कुणी आपलं भात एकट्याने झोडत नाही. आज याच्या घरचं, उद्या त्याच्या, सगळी माणसं पाळीने एकेका खळ्यावर जातात. पहाटे अंधार असतानाच लागायचं, म्हणजे ऊन चढायच्या आत आटपतं. आणि जिकडे माणसं तिकडे दिवे. खळ्याभोवती बांबू रोवून चौदाही दिवे टांगले होते, उजाडलं तरी अजून काढले नव्हते.

हिराबाई पेंढ्यांच्या ढिगातून घाम पुसत आली. "एका दिव्यात काय झोडता येतं? दाना कुठं, माती कुठं, कळत नाय. चौदा लावले का झालं. परवा माझ्या खळ्यावर. त्यादिशी या, बघा कसा उजेड असतो."

मला वाटलं, झालं, सुटलो. याहून चांगला वापर कुणी केला असेल? ज्याला संस्थेत आम्ही 'सामूहिक सक्षमता' म्हणतो आणि ज्याच्यावर मी अकरा पानं लिहिली आहेत, ती इथे बांबूला टांगलेली होती. कौस्तुभने आनंदाने टॅब उघडला. देवराम यांचं घर, वापरलेले दिवे: चौदा. टॅब म्हणाला, 'अमान्य. एका कुटुंबास एकच दिवा.' त्याने पुन्हा चौदा टाकले. अमान्य. शेवटी एक टाकला, तेव्हा टॅब समाधान पावला.

मग उरलेली तेरा घरं. शून्य टाकलं की टॅब कारण विचारतो आणि चार पर्याय देतो. दिवा बिघडला. दिवा हरवला. दिवा विकला. दिवा इतरांना दिला.

"यातलं एकही नाही," कौस्तुभ म्हणाला. "इथे लिहायला जागा का नाही?"

का नाही ते मला माहीत होतं. मूळ फॉर्ममध्ये पाचवा पर्याय होता: अन्य, कृपया लिहा. वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, काढून टाका, असं मी सुचवलं होतं. सोपं व्हावं म्हणून.

कौस्तुभने त्यातल्या त्यात खरा पर्याय निवडला. तेरा वेळा 'इतरांना दिला.' खिंडीत आल्यावर रेंज मिळाली आणि टॅबने आपण होऊन सगळं पुण्याला पाठवून दिलं.

पुणे

पुण्यात बैठक झाली. संस्थेच्या साहेबांनी पडद्यावर तेरा लाल चौकोन दाखवले. लाभार्थ्यांनी दिवे इतरांना देऊन टाकले, सबब गैरवापर. मी उभी राहून सगळं सांगितलं. पाहुणे, खळं, पाळी, बांबू. कौस्तुभनेही सांगितलं, आणि टॅबच्या विरोधात बोलताना त्याचा आवाज कापत होता. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. म्हणाले, "फार सुंदर, मॅडम. हे आपण वार्षिक अहवालात घेऊ, चौकटीत, फोटोसकट. पण निकष तो निकष." गिरणी डोंगरापलीकडच्या एका दुसऱ्या पाड्याला मिळू शकेल, त्यासाठी आधी हे चौदा दिवे तिकडे जातील आणि तिथला वापर मोजला जाईल. हिराबाईच्या पाड्याला तसं पत्र द्यायचं ठरलं. त्यांना समजेल अशा सोप्या मराठीत. लिहिणार अर्थात मी.

पत्राच्या मी पाच प्रती फाडल्या. सहावी लिहीत असताना हिराबाईचाच फोन आला. खिंडीत उभी राहून बोलत असावी, वाऱ्याचा आवाज येत होता.

"गिरणीचं काय झालं, बाई?"

मी सांगितलं. एकदा सुरू केल्यावर न थांबता सांगितलं: टॅब, चार पर्याय, मी काढून टाकलेला पाचवा, आणि लॉजवर जायच्या आधी मी गिळलेलं वाक्यसुद्धा. माझी चूक आहे म्हटलं. रडू येत होतं, ते आवाजात आलंच.

"म्हंजे आमी एकमेकाला दिला, म्हनून?" तिने विचारलं.

"हो."

"आन् आता कोनाला देनार?"

मी पलीकडच्या पाड्याचं नाव सांगितलं.

"त्यांच्याकडं तर खांब बी नाय," हिराबाई म्हणाली. "माझी नणंद तिथं दिलीय. लय भोळी मान्सं. आमच्यासारखीच करतील." पुन्हा वारा ऐकू आला. "बाई, तुमी लिवता ना? मग त्यांना एक चिठ्ठी लिवा. म्हनावं, वरसभर कसं बी वापरा, पन मोजनारी मान्सं येतील त्या रातीला ज्याचा सोलर त्याच्याच घरात ठेवा. पाव्हने अंधारात निजले तरी चालंल म्हनावं. गिरणी तरी येईल कोनाकडं."

संस्थेचं पत्र मी अजून लिहिलेलं नाही. कौस्तुभला सांगितलंय, दुसरं कुणी बघा. चिठ्ठी मात्र त्याच दिवशी लिहिली, हिराबाईच्या शब्दांत, एकही शब्द सोपा न करता, आणि तिच्या नणंदेच्या पत्त्यावर पाठवून दिली.